आवाज बंद ठेवलेला टॅब

आबा, टॅबवर आत्ता अठ्ठ्याऐंशी आकडा आहे आणि त्याच्या शेजारचा बाण खाली तोंड करून आहे. तुम्हाला टॅब माहीत नाही आणि हा आकडा कशाचा तेही माहीत नाही, कारण तुम्ही गेलात तेव्हा जिचा हा आकडा आहे ती तुमची नात जन्मायची होती. आता तिला अठरा पूर्ण झाली. नगरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, भिंगारच्या बाजूला होस्टेलवर राहते. नऊ वर्षांची असताना तिला साखरेचा आजार निघाला, म्हातारपणी होतो तो नव्हे, लहान मुलांना होतो तो, ज्यात जन्मभर इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. इन्सुलिन आणि जेवण यांचा मेळ चुकला की साखर एकदम उतरते आणि वेळेवर काही गोड पोटात गेलं नाही तर पोर बेशुद्ध पडू शकते. तिच्या दंडावर नाण्याएवढं एक यंत्र चिकटवलेलं असतं. ते दर पाच मिनिटांनी अंगातली साखर तिच्या मोबाईलला सांगतं आणि तिथून तो आकडा इथे पारनेर तालुक्यात, माझ्या ओट्यापर्यंत येतो. सत्तरच्या खाली गेला की धोका. आज रविवार, दुपारचे तीन वाजलेत, तुमचे जावई बाजाराला गेलेत आणि मी गव्हाच्या डब्याला टॅब टेकवून बसले आहे. तिला फोन करायचा नाही असं मी कबूल केलंय. हा आकडा मला आता दिसतच नाही असं तिला वाटतं.

एक्क्याऐंशी.

आधी मोबाईलचं सांगते, त्याशिवाय माझी चूक तुम्हाला कळायची नाही. हल्लीचा मोबाईल नुसता बोलायला नसतो, तो दिवसभर हाका मारत असतो. शाळेचा ग्रुप, केंद्राचा ग्रुप, पोषण आहाराचा ग्रुप. सासरच्या भावकीचा ग्रुप तर विचारूच नका, तिथे रोज कुणाचा तरी वाढदिवस असतो आणि चाळीस जण चाळीस केकची चित्रं पाठवतात. साडीवाला हाक मारतो, गॅसवाला मारतो, पाऊस येणार नाही हे सांगायला हवामानवालाही मारतो. प्रत्येकाची टिंग सारखीच, आणि त्या गर्दीत माझ्या लेकीच्या साखरेचीही टिंग तशीच. ती नववीत असताना पारनेरला आमचं शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. माझी पिशवी मिनिटामिनिटाला वाजत होती. शेवटी शिकवणारे साहेब म्हणाले, "मॅडम, एक तर मोबाईल गप करा, न्हाईतर तुमीच हितं येऊन शिकवा." सगळा हॉल हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बोट फिरवून ते सगळं एकदम बंद करणारं बटण दाबलं. मला वाटलं, महत्त्वाचं असेल ते तरी वाजेलच. महत्त्वाचं काय ते मोबाईलला आपण सांगावं लागतं, हे मला कुठे ठाऊक होतं?

चहाच्या सुट्टीत मोबाईल काढला तर एकाखाली एक लाल पट्ट्या. चौसष्ट. अठ्ठावन्न. बावन्न. शाळेच्या नियमाप्रमाणे तिचा मोबाईल बाईंच्या टेबलाच्या खणात, आवाज बंद करून असायचा. लाल पट्टी आली की मी बाईंना फोन करायचा असं ठरलेलं होतं. मी तर सगळंच मुकं करून बसले होते. तिने बाकावर डोकं टेकलं, बाईंना वाटलं झोपली, त्या रागावल्या, आणि ती काही बोलेना. शेजारच्या मुलीला शंका आली म्हणून तिने हिच्या कंपासपेटीतली ग्लुकोजची पुडी फोडून हिच्या तोंडात घातली. ती मुलगी त्या दिवशी गैरहजर असती तर काय झालं असतं, हा विचार मी आजवर पुरता करू शकलेले नाही. तिथपर्यंत जाते आणि परत फिरते.

त्र्याहत्तर. बाण तसाच.

त्या दिवशी एस.टी.त बसून घरी येताना मला तुमचा बॉयलर आठवला. नेवाशाकडचे माझ्या लहानपणीचे दिवस. साखर कारखान्याचा सीझन सुरू झाला की शनिवारी माझी शाळा सकाळची, आणि तुमचा डबा घेऊन मी बॉयलर हाऊसच्या दारापर्यंत येते. आतून गरम वाफेचा आणि उसाच्या मळीचा वास येतो. भिंतीवर एक घंटी आहे, बॉयलरमधलं पाणी कमी झालं की वाजणारी. त्या हंगामात ती विनाकारणच वाजायची. कंटाळून तुमच्या जोडीदाराने तिच्यात चिंधी कोंबली होती. तुम्ही डबा हातात घेतलात, वर बघितलंत आणि तुमचा चेहरा असा उतरला की मला वाटलं डब्यातलं कालवण सांडलं. चिंधी ओढून काढलीत आणि माझ्यादेखत त्याला म्हणालात, "खोटी वाजती ती वायर शोध ना! घंटी कशापायी मुकी केली? उद्या खरी वाजायची आली म्हंजी?" मग स्टुलावर चढून तुम्हीच वायर शोधत बसलात आणि डबा गार झाला. नंतर मी बॉयलरसमोरच्या काचेच्या नळीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? म्हणालात, पाणी किती आहे ते हिच्यात दिसतं. आणि वर, "घंटीची वाट बघनारा मानूस बॉयलरवर नको. घंटी वाजली म्हंजी तू आदीच चुकला."

मग मीही वायर शोधली, आबा. आमच्या शाळेत एक नव्या बाई आहेत, त्यांना घरी बोलावून पोहे खायला घातले आणि माझा मोबाईल त्यांच्या हातात दिला. एकेका हाकेवर बोट दाबून धरायचं आणि तिला गप करायचं. साडीवाला गेला, हवामान गेलं, केंद्राचा ग्रुप बिनआवाजाचा झाला. नव्या बाई म्हणाल्या, "मॅडम, भावकीचा पन बंद करायचा? लोकं काय म्हनतील?" म्हटलं, "करा. त्यांचे केक पोचतात, तेवढं पुरे." साखरेच्या ॲपला मात्र सगळ्यातून सूट दिली. बाकी मोबाईल मुका असला तरी ते वाजणार. बॅटरी वाचवायला मोबाईल काही ॲप परस्पर झोपवून टाकतो, त्या यादीतूनही ते बाहेर काढलं. आवाज लावला भोंग्याचा. चार वर्षं आमच्या घरात तो एकच आवाज होता. तो आला की यांच्या हातातला घास हातात राहायचा आणि मी चप्पल न घालता अंगणात धावायची, रेंज अंगणात बरी म्हणून.

अडुसष्ट. पट्टी लाल झाली. तिच्या मोबाईलवर आता वाजलं असेल. वाजलं असेल ना?

ती होस्टेलला गेल्यावर मी स्वतःला आवरायला हवं होतं. आवरलं नाही. भोंगा वाजला की मी फोन करायची, तिने उचलला नाही की पुन्हा करायची. एकदा ती अंघोळीला गेली होती आणि मोबाईल खोलीत होता. मी बारा वेळा फोन केला, मग रेक्टर मॅडमना केला. त्या बिचाऱ्या धावत गेल्या आणि बाथरूमचं दार असं बडवलं की सगळा मजला गोळा झाला. ही ओल्या केसांनी बाहेर आली, अगदी धडधाकट. तेव्हापासून मुली मलाच भोंगा म्हणतात, हे तिने मला नंतर सांगितलं. गेल्या महिन्यात घरी आली तेव्हा इथे, याच ओट्याशी, उभी राहून म्हणाली, "आई, अलार्म आधी माझ्या फोनवर वाजतो. मी साखर तोंडात टाकते. तेवढ्यात तुझा फोन. मी गिळू का बोलू?" मी म्हटलं, तुला काही झालं तर? तर म्हणाली, "मला नर्स व्हायचंय. उद्या पेशंट विचारतील, सिस्टर, तुमची आई कुठाय?" मी हसले, ती हसली नाही. हात पुढे करून म्हणाली, "माझ्यासमोर काढ." मी काढलं. आवाज, पट्टी, ॲप, सगळं. तिने माझ्या मोबाईलवर स्वतः बघून खात्री करून घेतली आणि मग मला मिठी मारली. त्या मिठीत मला फार लाज वाटली, कारण ऑनलाइन शाळेच्या वेळी घेतलेला हा टॅब कपाटात होता आणि त्यावर ते ॲप तसंच चालू होतं. ती गेल्यावर मी टॅबचा फक्त आवाज बंद केला. वाजला तर यांना कळेल, आणि यांच्या पोटात काही राहत नाही. आवाज नाही म्हणून आता सारखं बघावं लागतं. शाळेत असताना जीव टॅबकडे, घरी आले की पदराला हात पुसायच्या आधी कपाट.

एकसष्ट.

तुमची चार्ज द्यायची पद्धत होती. चार वाजता पाळी बदलायची. दुसरा माणूस आला की तुम्ही मोठ्याने सांगायचात, "काच निम्मी हाय, दाब बरुबर." तो काचेकडे बघून म्हणायचा, "काच निम्मी. घेतला चार्ज." की तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकून निघालात, काचेकडे पुन्हा नजर नाही. एकदा सायकलच्या दांडीवर बसून मी तुम्हाला विचारलं होतं की पाणी कमी झालं तर? तुम्ही म्हणालात, "चार्ज दिला की दिला. मी मागं वळून बघितलं तर तेचा अपमान हाय. आन तेला वाटंल, ह्यो बघतोय, मग मी कशाला बघू?" हे वाक्य गेला महिनाभर माझ्या डोक्यात आहे. मी बघते हे तिला कळलं तर ती बघायची थांबेल का? का नुसती माझ्याशी बोलायची थांबेल? तिने तिच्या मोबाईलवरून मूळच बंद केलं तर मला कायमचं काही दिसणार नाही. आणि आत्ता फोन केला नाही आणि ती कुठे गर्दीत खाली बसली असली तर?

आकडा गेला. त्याच्या जागी दोन आडव्या रेघा आल्यात. म्हणजे तिचा मोबाईल तिच्यापासून लांब आहे, किंवा रेंज नाही, किंवा काय ते मला माहीत नाही. मी मोबाईल दोनदा हातात घेतला, तिचं नाव काढलं आणि पुन्हा ओट्यावर पालथा ठेवला. अजून रेघाच.

तुमच्या दहाव्याला तुमचा तो चिंधीवाला जोडीदार माझ्याजवळ येऊन बसला होता. डोळे पुसत म्हणाला, "तुजा बाप लई लबाड हुता, पोरी. चार्ज देऊन भायेर पडायचा, आन चिपाडाच्या ढिगामागं तंबाखू मळत हुबा ऱ्हायाचा. पाव घंटा. बॉयलरचा आवाज ऐकत. आमाला समद्यांला ठावं हुतं, पन कुनी बोललं न्हाई." म्हणजे मला गेटजवळ सायकल धरायला लावून तुम्ही तोंड धुवायला म्हणून जायचात ते इथे. मला तेव्हा तुमचा राग आला होता. एवढं मोठं शहाणपण पोरीला सांगायचं आणि स्वतः ढिगामागे उभं राहायचं? आज राग नाही येत. आज मला फक्त विचारायचंय की तो पाव तास तुम्ही कसा काढायचात, आणि आत काही वाजलं असतं तर धावत गेला असतात की नाही. तहान लागली आहे आणि पाणी घ्यायला उठावं तर तेवढ्यात आकडा येईल असं वाटतं.

अठ्ठ्याहत्तर. बाण वर.

आबा, अठ्ठ्याहत्तर! मी हे लिहितेय आणि अक्षर वाकडं येतंय. मी उठले, पाणी प्यायले आणि तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. तिचाच. मी मुद्दाम चार वेळा वाजू दिला. "आई, काय करतेस?" म्हटलं, वह्या तपासतेय. "बाबा येतील तेव्हा त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी पाठव, मुली मागतायत." तिच्या मागे घुंगरं वाजत होती, रसवंतीच्या चरकाची. आपल्या पोरीला रस कधी प्यायची वेळ येते ते मला ठाऊक आहे. मी विचारलं, "बरी आहेस ना?" तर म्हणाली, "मस्त! भिंगारच्या बाजारात आलोय सगळ्या, इथे रेंज जाते मधेमधे." साखरेचं अवाक्षर नाही. तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. घुंगरं थांबेपर्यंत आम्ही चटणीत लसूण किती घालायचा त्यावर बोलत राहिलो.

आता एकशे बारा आहे आणि बाण आडवा झाला आहे. टॅबवरूनही ॲप काढून टाकीन असं इथे लिहायचं मनात होतं. लिहीत नाही, कारण ते होईल की नाही ते मलाच माहीत नाही. आणि एक गोष्ट कबूल करते, हे कुठे पाठवायचं नाहीच तर लपवू कशाला? तुमची आठवण आली म्हणून मी लिहायला बसले नव्हते. तिला फोन लावू नये म्हणून उजव्या हातात पेन घेतलं आणि डाव्या हाताने कागद दाबून धरला. कुणाला तरी लिहायला हवं होतं. तुमची आठवण नंतर आली.