चाळीस माणसांचं एक मिनिट

(ध्वनिमुद्रित मृत्युपत्राची लेखी नक्कल)

मी, प्यो ग्वांग-हो, वय एकाहत्तर, सिनेमाचा ध्वनिमुद्रक, मुक्काम उइजोंगबू. डोकं ठिकाणावर आहे, कान त्याहून जास्त. बोलून करतोय, कारण माझं अक्षर मलाच लागत नाही. कायद्याला हे चालतं. फक्त शेवटी साक्षीदारानं स्वतःच्या तोंडानं ‘बरोबर आहे’ म्हणून नाव सांगायचं. नाही सांगितलं, तर सगळं रद्द. साक्षीदार चु दाल-सु, पूर्वी लाइटमन, आता कोंबडी तळतो.

एक. भाड्याच्या घरासाठी मालकाकडे ठेवलेली अनामत रक्कम भाची मी-रानला. ती काही काम नसतानाही फोन करते.

दोन. मायक्रोफोन सिनेमाच्या शाळेला.

“दादा, तो मला देणार होतास!”

“तुला दिला तर तू साक्षीदार राहत नाहीस. गप बस, सगळं टेप होतंय.”

तीन. हेडफोन दिग्दर्शक म्यॉंगसाहेबांना. त्यांना हाताखालच्या माणसांचं ऐकू येत नाही.

चार. कपाटातली १९९८ची टेप ओक-बुनला. ती तेव्हा कपडेपट सांभाळायची, आता इंचॉनला शिवणकाम करते. म्यॉंगसाहेबांचा गिरणीतल्या मारहाणीवरचा सिनेमा होता. प्रत्येक सेटची नुसती शांतता मिनिटभर टेप करावी लागते, संवादांखाली घालायला. मशीन चालू केलं आणि साहेबांनी ओक-बुनच्या कानाखाली वाजवली. मुकादम झालेल्या नटाच्या कोटाला बटण चुकीचं होतं म्हणून. चाळीस माणसं होतो. कुणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. उलट थप्पड कापून उरलेली शांतता मी शेवटच्या प्रसंगाखाली घातली. परीक्षक म्हणाले, शोषितांचं मौन इतकं खरं कधी ऐकलं नव्हतं. बक्षीस मिळालं. साहेब अजून अन्यायावर भाषणं देतात, छान देतात.

अख्खी टेप तिची. वाजवायची, जाळायची, तिची मर्जी. गप्प बसलेल्यांत माझं नाव पहिलं.

दाल-सु, बोल आता.

“दादा, माझी पोरगी साहेबांच्या कंपनीत आहे.”

“माहितीय.”

“तिची नोकरी जाईल रे.”

“जाईल कदाचित. म्हणून तर विचारतोय, ढकलत नाहीये.”

(एकोणीस सेकंद आवाज नाही.)

“मी चु दाल-सु. ह्यांनी सांगितलं ते बरोबर आहे. आणि... थप्पड मारल्यावर साहेब म्हणाले, लाइट तिच्या तोंडावर मार, सगळ्यांना दिसू दे. मी मारला. हे पण राहू दे त्यात.”

स्थळ: उइजोंगबू. १४ नोव्हेंबर २०१९.
मृत्युपत्र करणार: प्यो ग्वांग-हो, स्वतःच्या आवाजात.
साक्षीदार: चु दाल-सु, स्वतःच्या आवाजात.