पिकअपचा कॉम्प्युटर बदलताना

नॉर्थ डकोटा,
ऑगस्टचा दुसरा रविवार

सौ. मार्डेलताईस,

धाकट्या भावाचा, टोपी काढून, नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? क्लेटस भावोजींचं गोल्फ कसं आहे? (नाताळच्या कार्डात त्यांनी गोल्फविषयी दीड पान लिहिलं होतं आणि गुडघ्याविषयी अवाक्षर नव्हतं, म्हणून दोन्ही विचारतो.) ॲरिझोनात उकाड्याने डांबर वितळतंय असं रेडिओवर ऐकलं. इकडे क्षेम आहे. आईची तब्येत उत्तम. त्र्याण्णवावं लागलं, तरी वृद्धाश्रमातली कॉफी पातळ आहे म्हणून परत पाठवण्याचा दम तिच्यात शाबूत आहे. गहूही बरा आहे. तेव्हा पत्रास कारण एकच, पिकअप.

तुला माहीत नसेल, पण दर रविवारी चर्च आणि जेवण उरकलं की मी आईला पिकअपमध्ये बसवून शेतं दाखवायला नेतो. मोटारीत ती बसत नाही. मोटारीतून म्हणे रस्त्याकडेचं गवत दिसतं, पिकअपमधून लोकांचं पीक दिसतं, आणि लोकांच्या पिकाला नावं ठेवल्याशिवाय तिचा रविवार साजरा होत नाही. तर जूनच्या अखेरीस भर दुपारी ती (पिकअप, आई नव्हे) सॅम्युएलसनच्या सूर्यफुलांजवळ एकदम गप झाली. ना खोकली, ना कण्हली. मी बॉनेट उघडलं आणि बॉनेट उघडणारे सगळे पुरुष जे करतात ते केलं, म्हणजे आत पाहिलं. पाऊण तासाने ती आपली आपणच सुरू झाली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच, आणि नेमकं सॅम्युएलसनच्याच बांधाला.

आता तू म्हणशील, गावात व्हर्लिन कॉपचं गॅरेज असताना... नाही, तू नाही म्हणणार. लग्नाला अकरा दिवस उरले असताना तू त्याला सोडून क्लेटस भावोजींबरोबर ॲरिझोनाला निघून गेलीस, त्याला येत्या ऑक्टोबरात एकेचाळीस वर्षं होतील. तेव्हापासून आपल्या घरातलं कोणी व्हर्लिनशी बोललेलं नाही. गंमत बघ, चूक आपली आणि अबोलाही आपणच धरला. रागाने नव्हे, काय बोलावं ते सुचेना म्हणून. आठवडाभर सुचलं नाही, तोवर महिना गेला. महिना उलटल्यावर बोलायला आणखी मोठं कारण लागतं, आणि वर्षं उलटल्यावर तर घरदार जळायला हवं. चर्चमध्ये तो डावीकडे बसला की आम्ही उजवीकडे. गेल्या साली त्याची बायको रोझॅन गेली, तेव्हा अंत्यविधीला मी मागच्या बाकावर बसलो आणि कॉफी यायच्या आत सटकलो. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

म्हणून मी गाडी साठ मैलांवर हार्लोला नेली. तिथला मेकॅनिक भला माणूस. त्याने आधी पेट्रोलचा पंप बदलला, मग किल्लीचा खटका बदलला, आणि दोन्ही वेळा गाडी त्याच्या दारात इतकी शहाण्यासारखी वागली की तो माझ्याकडेच संशयाने पाहू लागला. (मी तिला पहाटेच्या गारव्यात नेत होतो, कारण उन्हात ती पोचलीच नसती. सगळं उत्तर याच वाक्यात होतं, पण ते ना त्याच्या लक्षात आलं ना माझ्या.) मग धान्याच्या कोठारावर कोणीसं म्हणालं, इंजिनाचा कॉम्प्युटर गेला असेल. मी भंगारातून तशाच एका पिकअपचा काढून आणला. जाड पुस्तकाएवढी ॲल्युमिनियमची पेटी, चार बोल्ट. लावला, किल्ली फिरवली. इंजिन दोन सेकंद चाललं आणि विझलं. पुन्हा दोन सेकंद. बाराव्या वेळी मी जुना परत बसवला आणि भंगारातला पोत्यात गुंडाळून सीटमागे टाकला.

जुलैच्या शेवटच्या रविवारी मी वृद्धाश्रमाच्या दारात आलो, इंजिन चालूच ठेवलं, आईला चढवलं, तिचा पट्टा लावला, आणि गाडी गप झाली.

आई म्हणाली, "व्हर्लिनला बोलाव."

मी म्हणालो, हार्लोच्या माणसाला फोन करतो.

"रविवारी? साठ मैलांवरून? लाइल, तीन रविवार तू मला तीच सूर्यफुलं दाखवलीस, त्याच जागेवरून. व्हर्लिनला बोलाव. नाहीतर मी बोलावते, आणि मी काय बोलेन ते तुला आवडायचं नाही."

वीस मिनिटांत तो आला. केस पार पांढरे झालेत. आईसमोर टोपी काढून म्हणाला, "कशा आहात, अल्माकाकू?" आणि मग माझ्याकडे वळला. एकेचाळीस वर्षांनी तो माझ्याशी पहिलं वाक्य काय बोलेल याची मी बऱ्याच प्रकारे कल्पना केली होती. तो म्हणाला, "गार झाली की चालू होते?"

त्याने आधी बॅटरी पाहिली, मग एकेक वायर. "सगळे कॉम्प्युटरवरच आळ घेतात," तो पुटपुटला, "बिचारा उलटून बोलत नाही ना." मग मला आत पिटाळलं, स्वयंपाकघरातून गोठलेल्या मटारची पिशवी आण आणि कुणाचं तरी केस वाळवायचं यंत्र. का, ते मी विचारलं नाही. माझ्यासारख्याने त्याला प्रश्न विचारायचा म्हणजे जरा अतीच. मटारची पिशवी इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या पेटीवर दहा मिनिटं ठेवली, इंजिन सुरू. यंत्राने गरम वारा घातला, बंद. पुन्हा मटार, पुन्हा सुरू. एव्हाना ओसरीवर अकरा म्हातारी माणसं खुर्च्या मांडून बसली होती आणि टाळ्या वाजवत होती. श्रीमती ओस्टबींनी तेवढं विचारलं की रात्री मटार मिळणार आहेत का.

"कॉम्प्युटरच," व्हर्लिन म्हणाला. मी ओशाळून पोतं पुढे केलं. "अरे, हा ठणठणीत आहे. पण हा तुझी किल्ली ओळखत नाही. त्याला वाटतंय तू चोर आहेस." त्याने जुना काढून हा बसवला; त्याला किल्ली ओळखायला शिकवायचं यंत्र व्हर्लिनकडे होतं. चाळीस मिनिटं लागतील, तोवर दार उघडायचं नाही आणि किल्लीला हात लावायचा नाही, कारण मध्येच वीज हलली तर हाही मेला. यंत्राची वायर स्टिअरिंगखाली, म्हणून व्हर्लिन तिथे. आई उतरायला तयार नाही, म्हणून ती मध्ये. मी तिची पर्स द्यायला तिच्या पलीकडच्या सीटवर चढलो होतो, तो तिथेच अडकलो.

यंत्रावर नऊ टक्के झाले. चौदा झाले. मी समोरचा कचऱ्याचा डबा वाचत होतो.

"व्हर्लिन," आई म्हणाली, "त्या दिवशी मी तुझ्या दारी यायला हवं होतं. चांगला झगा घालून स्वयंपाकघरात संध्याकाळपर्यंत बसून राहिले. उठवेना. मार्डेल तरुण होती. मी नव्हते. चूक माझी आहे."

व्हर्लिन आकड्यांवरची नजर न काढता म्हणाला, "काकू, हे मी रोझॅनशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. मार्डेल गेल्याचं कळलं, तेव्हा मी गोठ्यात जाऊन बसलो आणि मला इतकं हलकं वाटलं की माझीच मला लाज वाटली. मीही दोन आठवडे पळायच्याच विचारात होतो. धीर होत नव्हता. ती धीट निघाली. नंतर तुम्ही कोणी बोलेनात, तेव्हा मला वाटलं, माझं तोंड पुरेसं पडलेलं नव्हतं, ते तुम्ही पाहिलंत आणि रागावलात."

आईने तोंडावर हात धरला. आधी मला वाटलं रडतेय. पण ती हसत होती, अशी की सीट हलायला लागली. "काकू, हलू नका, बासष्ट टक्के!" व्हर्लिन ओरडला आणि मग तोही हसू लागला. डोळे तिघांनीही पुसले, ते कशासाठी याची चौकशी कोणी केली नाही.

"आता रोझॅनबद्दल सांग," आई म्हणाली. तो सांगू लागला. हळूहळू, आठवून आठवून, अडतीस वर्षं. शंभर टक्के झाले, यंत्र वाजलं, थांबलं. किल्लीला कोणी हात लावला नाही. तो बोलत राहिला.

गाडी आता उत्तम चालते. पण मी अधूनमधून विचार करतो, ताई, आपण किती वर्षं दुसऱ्याच्या मनातला राग स्वतःच लिहून काढला आणि स्वतःच वाचला. चर्चमध्ये डावी बाजू बारा पावलांवर आहे. मी मोजली.

भावोजींना नमस्कार.

तुझा भाऊ,
लाइल

ता.क. व्हर्लिनने मार्डेलला कळवू नकोस असं बजावलंय. तेव्हा मी कळवलेलं नाही असं समज.

ता.क. २. आईची तब्येत उत्तम असं वर लिहिलंय ते तिने लिहायला लावलं म्हणून. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हृदय थकलंय, बर्फ पडायच्या आत ज्यांना भेटायचं त्यांनी भेटून घ्यावं. बाबा वारले तेव्हा तू सकाळी आलीस आणि दुपारच्या विमानाने परत गेलीस, गावात कुणाची नजर भिडू नये म्हणून. ते भय संपलं हे कळावं म्हणूनच मी एवढं लांबण लावलं. गहू कापून झाला की सप्टेंबरभर मोकळा आहे. विमानतळावर घ्यायला येईन.

ता.क. ३. आईला पत्र वाचून दाखवलं (ता.क. २ सोडून). ती म्हणते, पिकअपचं एवढं पुराण कशाला, माझ्या नावाने एकच शब्द लिही आणि पाकीट चिकटव. तिचा शब्द असा: ये.