दोरीच्या बाहेरची अखाडी

माय, लिहिन्यात चुका लय होतीन, माफ कर. ऱ्हस्व-दीर्घ मले शाळेतही जमलं नाही, आन आता तं शाळा सुटूनही दिवस झाले. बाच्या मोबाइलवर एका बोटानं दाबून दाबून लिहून राहिली. एक अक्षर सापडलं की दुसरं हरपते, तोवर बकरी भलत्याच्या वावरात तोंड घालते. तुले तं वाचता येतच नव्हतं, मंग मी माफी कायची मागून राहिली, माह्यं मलेच समजत नाही. पन कोनाशीही बोलाच्या आधी माफी मागाची मले सवयच हाय. तू होती तवाही पावना आला की मी कोठीच्या मांगं लपत जाव, आन तू चुलीपासून म्हनत जाय, "राहू द्या, भूक लागली की येते ते बाहेर."

नववीत शाळा सोडली मी. वर्गात उभं राहून वाचाची पाळी आली की पाय लटलट कापत. अक्षरं दिसत, पन तोंडातून निंघत नसत. बानं दोन-चार खेपा समजावलं, मंग म्हने, "राहू दे, बकऱ्या पाह्य." बकऱ्या काही उभं करून वाचाले लावत नाहीत. दुपारी त्या बाभळीखाली बसतात, रवंथ करतात, आन त्यायच्या डोयात पाहत बसलं का मले असं वाटते का मी पान्याच्या खाली हाय आन वरून कोनीतरी हळू हळू बोलून राहिलं. कधी कधी तो आवाज तुह्यासारखा असते. काय बोलते ते समजत नाही.

यंदा पुन्हा गाव बांधलं. आजूबाजूच्या गावात खुरीचा रोग आला म्हने. ढोराच्या तोंडाले फोड येतात, खुरात जखमा होतात, ते नुसतं लाळ गाळत उभं राहते, खात नाही, पीत नाही. मंग आपल्या इथं तुह्या वेळेसारखंच झालं. मारुतीच्या पाराजवळ सारे जमले, वेशीवर रस्त्याच्या या झाडापासून त्या झाडापर्यंत दोरी बांधली, दोरीले कडूनिंबाच्या पाल्याचे डगाले लटकवले. बाहेरून ढोर नाही, बकरी नाही, कुटार-चारा नाही, मटन नाही. रोज एका घरानं दोरीपाशी बसाचं, आल्यागेल्याले पाहाचं.

दर्यापुरातून ढोरायची डॉक्टरीन सुया टोचाले आली होती. दोरी पाहून ते हासली. म्हने, "पाल्यानं काही होत नाही बरं का. पन दोरीनं जे अडते ना, त्यानं होते." कच्च्या मटनात, हाडकात हा रोग बसून राहते म्हने. मटन धुतलेलं पानी उकिरड्यावर टाकलं, कुत्र्यानं हाडूक गोठ्यात नेलं, झालं काम. मंग तिनं सांगतलं का एक देश दुसऱ्या देशाचं मटनही असंच अडवते. तिकडं रोग असला तं इकडच्या बंदरावर जहाज आलं तरी माल उतरू देत नाहीत. बाकीचे लोक सुया टोचन्यात गुतले, पन मी तिथंच राहिली. मले दिसून राहिलं का समुद्रावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी बांधली हाय, तिले कडूनिंबाचे डगाले लटकले, वाऱ्यानं हालून राहिले, आन दोरीखाली एक बाई पदर खोचून बसली. ते बाई तूच होती, माय.

कावून का मले तो दिवस आठोते. मी लहान होती, पन आठोते. अखाडीचा दिवस, श्रावण लागाच्या आधीचा, घरोघरी मटनाचा वास सुटाचा दिवस. पन गाव बांधलेलं होतं, म्हनून कोनाच्याच घरी काही नाही. त्या दिवशी दोरीपाशी आपल्या घराची पाळी. तू बसली, मी तुह्या मांडीवर. अन् तिकडून मामा येते. अकोल्याहून, डाळ मिलमधून, नव्या पॅन्टीत. हातात पिशवी. दुरूनच वरडते, "बाई! चूल पेटव बाई, अखाडी आनली!" तुह्या तोंडावर तवा केवढं हासू येते. आन मंग ते हासू कसं हळू हळू खाली उतरते, मी खालून पाहून राहिली.

"भाऊ, मटन आत नाही येत," तू म्हनते.

"कोनी सांगतलं?"

"गावानं."

"अन् तू कोन?"

"आज मीच गाव हाय."

मामाले वाटलं तू मजाक करून राहिली. तो दोरी वर कराले गेला, आन तू ते दोन्ही हातांनी धरली. आपलं घर वेशीलगतच, शेजारची काकू तिच्या कुंपनापासून पाहत होती. तिच्या डोयात साफ लिहिलेलं होतं, आपल्या भावाले हे सोडते का आता, पाहू. मामा म्हने, "भावाच्या हातचं खाले इटाळ वाटते का तुले? पह्यल्या पगारातून आनलं मी." तू फावडं घेतलं, दोरीच्या बाहेर गेली, त्याच्या हातातून पिशवी घेतली आन खड्डा करून पुरून टाकली. त्याच्या डोयासमोर. माती ओढताना तुह्या बांगड्या वाजत होत्या, तेवढाच आवाज. मामा म्हने, "ठीक हाय. आता ही दोरी मी वलांडनार नाही." आन तो गेला.

मंग तो आलाच नाही. दिवाळीले तू ओवाळनीचं ताट करत जाय आन झाकून ठेवत जाय. माहेरी तू गेली नाही, त्यानं बलावलं नाही. तू गेली तवा तो मसनात आला, लाकडं रचताना दूर बाभळीपाशी उभा होता, आन तिथूनच वापस गेला. घरी पाय ठेवला नाही. मी मनात तुह्याशी लय भांडली, माय. एका पिशवीसाठी आपला मामा घालवला म्हनून. बकऱ्यांसाठी मानूस सोडते का कोनी?

यंदा अखाडीच्या दिवशी पाळी पुन्हा आपल्या घराची आली. बाले वलगावले सोयऱ्याकडे मयतीले जाव लागलं. म्हने, "तू बस वं दोरीपाशी. कोन येते इथं." मी बसली. ऊन पडलं होतं कवळं, रस्ता रिकामा, कापसाच्या वावरात वारा. माह्या डोयावर झापड आल्यासारखी झाली. आन तिकडून मोटरसायकल येते. त्यावर केस पांढरे झालेला मानूस, आन हँडलले पिशवी.

मी ओळखलं. तुह्यासारखंच नाक.

त्यानं गाडी थांबवली. दोरीकडे पाह्यलं, डगाल्याकडे पाह्यलं, आन मंग माह्याकडे लय वेळ पाह्यलं. "भाची होय ना तू? बाईची पोट्टी?" मी मान हालवली. "सपनात आली होती तुही माय," तो म्हने. "म्हने, अखाडी आली, तू आला नाही. म्हनून आलो. सोड दोरी." मी उभी राहिली. माह्यं तोंड उघडेना. वर्गात होत जाय तसंच. मी दोन्ही हातांनी दोरी धरली.

"बोल नं वं, मुकी हाय का?"

मी दोरी आनखी घट्ट धरली.

"तू बी तेच करनार म्हनजे," तो म्हने. आवाज असा बसला त्याचा का मले वाटलं आता हा गाडी फिरवते, आन आता फिरवली का कधीच येत नाही. त्यानं किक मारली. दोरी सोडली तं गोठ्यातली गाभन गाय, बकऱ्या, साऱ्या गावाची ढोरं धोक्यात. मामाले जाऊ देलं तं तुह्या नाकाचा एकच मानूस उरला जगात, तोही गेला. आन माय, माह्या तोंडातून निंघालं, मोठ्यानं, साऱ्या रस्त्याले ऐकू जाईन असं:

"मायनं सांगून ठेवलं होतं! भाऊ आला तं दोरीच्या बाहेर चूल मांडजो म्हने! आमी बाहेर येऊन जेवू म्हने!"

त्यानं गाडी बंद केली. "कवा म्हने?"

"दवाखान्यात."

"असं म्हने ते?"

"हो."

तो गाडीवरून उतरला आन रस्त्याच्या कडेले वावराच्या धुऱ्यावर बसला, दोन्ही हात गुडघ्यावर. रडला का काय ते मी पाह्यलं नाही. मी दगडं जमा कराले लागली.

शेजारच्या काकूनं कुंपनापासून सारं पाह्यलंच होतं, तिले जुनी सवय. "अवं, नुसत्या दगडावर शिजते का मटन?" म्हनत दोरीवरून तिनं शिजवाले गंज, मोठं भगोनं, देला, तिखट-मीठ देलं, भाजलेला कांदा-खोबरं देलं. "अन् मामासाहेब, फुकटचं आनता तं जरा जास्त आनाव, आमी का उपाशी राहाव?" मामा पह्यल्यांदा हासला. म्हने, "तुमी बाहेर या, आत काही भेटत नाही या गावात." काकूही आली बाहेर. बा वलगावहून आला, दोरीपाशी थांबला, मामाले पाह्यलं. बानं खाली बसून चुलीत फुकलं. मंग मामानं त्याले एक नळी वाढली, आन झालं. आमी निंबाच्या सावलीत, दोरीच्या त्या बाजूनं बसून जेवलो. रस्त्यानं जीप गेली तं लोकायले वाटलं कोनाची तरी पार्टी चालू हाय. रश्शात धूर उतरला होता. असं मटन मी कधी खाल्लं नाही. हाडकं साऱ्यायनं चुलीतच टाकली, ते राख झाल्यावर खड्डा केला, चुना टाकला, भांडे सोडा टाकून उकळले. खड्डा मामानंच केला. त्याच जागी का दुसऱ्या जागी, ते मी इचारलं नाही.

मंग त्यानं हातपाय धुतले, चपला आन गाडी बाहेर ठेवली, आन वाकून दोरीखालून आत आला. डगाला त्याच्या डोक्याले लागला. घरी गेला, तुह्या फोटोसमोर उभा राहिला नाही, सरळ गोठ्यात गेला आन बकऱ्यायले पानी पाजलं. आजवर एकही जनावर लंगडलं नाही. पुढचं मले मालूम नाही.

माय, दवाखान्यात तू असं काहीच म्हटलं नव्हतं. बकऱ्यायले पानी देलं का, एवढंच इचारलं होतं तू, आन मंग झोपली. चूल मांडाचं मले सुचलं, तुह्या नावावर मी खपवलं, कावून का माह्या नावानं माह्या तोंडातून निंघालं नसतं. तू दोरी धरली ते बरोबरच होतं, हे आता समजते, माह्याही हातात ते तशीच होती. पन तू बाहेर जाऊन पुरलं, माय. बाहेर जाऊन रांधताही आलं असतं. राग आला असन तं माह्या सपनात ये, त्याच्या नको. त्याले आता मी सांगतलेलंच खरं राहू दे.

हे पाठवाचं बटन मी दाबत नाही. कोनाच्या नंबरावर दाबू?

आन हो, काल आपल्या विहिरीत कासव दिसलं. जितं हाय, मोठं हाय, आन कवापासून हाय ते कोनालेच मालूम नाही. पान्याखाली त्याले तुहा आवाज येत असन का?