हउमै आणि इस्त्रीचे टेबल

मी, इस्त्रीच्या दुकानदारांची धाकटी मुलगी, घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. कोणी भरीस घातलेले नाही; उलट सगळ्यांनी ‘नको’ म्हटले आहे. उद्या माझ्या नाकाच्या वाकड्या हाडाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, संध्याकाळी घरी जाल. पण संमतीपत्रातला बारीक मजकूर त्यांनी वाचलेला दिसत नाही. मी वाचला आहे. दादाच्या मते, नाक सतत वर ठेवल्याने हाड वाकले. हे मत त्याच्या नावे नोंदवून ठेवते.

कलम एक. सायकल दादाला, ब्रेक दुरुस्त करण्याच्या अटीवर. बँकेतली शिल्लक बाबांना. त्यातून त्यांनी दुकानासाठी काही न घेता स्वतःसाठी चपला घ्याव्यात. आत्याला माझा पदवीदानाचा फोटो, चौकटीसह. "शिकून शेवटी इस्त्रीच करणार ना?" असे ती त्या दिवशी सर्वांसमोर म्हणाली होती. फोटो तिने दारातून दिसेल असा लावावा.

कलम दोन. माझा अपुरा प्रबंध मार्गदर्शक बाईंना. विषय: शिखांच्या धर्मग्रंथातला ‘हउमै’ हा शब्द. ‘हउ’ म्हणजे मी. त्याचे मूळ ‘अहम्’. ‘मै’ म्हणजेही मीच. ते ‘मया’, म्हणजे ‘माझ्याकडून’, यावरून आले असे मानतात. दोन मी एकमेकांना खेटून बसले की अहंकार होतो: मी आहे, आणि सगळे माझ्यामुळेच आहे. ग्रंथ याला मोठा रोग म्हणतो आणि औषधही याच रोगात आहे असे सांगतो. बाबांना हे समजावले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तुझी आत्याच की गं!"

प्रबंध एका प्रश्नावर अडला आहे. ज्या माणसाने जन्मात कधी ‘माझं’ म्हटलेच नाही, त्याने सोडायचे काय? बाई म्हणाल्या, "असा माणूस असतो कुठे? दाखव." तो माणूस आमच्याच दुकानात मागच्या बाजूला कॉलरवर पाणी शिंपडत असतो. आईची उशीसुद्धा पाहुणे आले की पाहुण्यांची.

कलम तीन, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. माझे अभ्यासाचे टेबल आईला. ते मूळचे इस्त्रीचे. आई त्याच्याशी वर्षानुवर्षे उभी राहिली. मी कॉलेजात गेले तेव्हा बाबांनी त्याचे पाय कापून ते माझ्या खुर्चीला जुळेल इतके बुटके केले. त्याच्याशी बसलेली आई कोणी पाहिलेली नाही. त्यावर गिऱ्हाइकांचे गठ्ठे ठेवू नयेत.

दुरुस्ती, सह्यांच्या वेळी. आई हात पुसत आली. "साक्षीला मी सही करते. येते आता मला."

"आई, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केलीस तर टेबल जाईल."

"जाऊ दे. मला काय करायचंय टेबल?" तिने पेन उघडले.

"बरं झालं," दादा म्हणाला. "गठ्ठे ठेवायला जागा झाली."

आईने पेनला टोपण लावले. "हात तर लावून बघ. टेबल माझं आहे."

बाबांची इस्त्री हवेतच राहिली.

"काय करणार आहेस त्याचं?" दादाने विचारले.

"बसेन." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू मरायची वाट कशाला बघू मी? उचल ती पुस्तकं."

सबब कलम तीन रद्द. टेबल आजच दिले, ताबाही गेला. ही दुरुस्ती दाराच्या पायरीवर मांडीवर कागद ठेवून लिहिली आहे. अक्षर हलल्यास बनावटपणाचा संशय घेऊ नये. आईला आता या मृत्युपत्राने काहीच मिळत नसल्यामुळे तिला साक्षीदार होता येते, हे मी तिला समजावून सांगितले.

लिहून देणार: इस्त्रीवाल्यांची मुलगी (सही)
स्थळ: दुकानामागच्या खोलीची पायरी
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, शनिवार

साक्षीदार:
१. शेजारचे घड्याळजी (सही, उभ्याने)
२. आई (सही, टेबलाशी बसून)