आपल्या दुकानात ‘पुन्हा या’ म्हणत नाहीत

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन सात महिने झाले. रोज दुकान उघडताना तुमच्या फोटोला हात लावते, बोलत मात्र काही नाही. आज लिहून राहिले, कारण मला माझीच किळस येऊन राहिली आहे. राजूला सांगून पाहिलं, तर अजूनच घाण झाली. ते पुढे सांगते.

सोमवारी सकाळी मुर्री गावचा एक माणूस आला. पन्नाशीचा असेल. त्याची बायको गेली होती. मयतीचं सामान न्यायला घरचा माणूस सहसा येत नाही ना बाबा, शेजारीपाजारीच येतात. हा स्वतः आला, तेव्हाच मी जीभ सांभाळायला पाहिजे होती. शेजारी बाहेर ऑटोवर बांबू बांधून राहिला होता. मी पांढरं कापड फाडून दिलं. सुतळी, मडकं, गुलाल, सगळं नीट बांधून त्याच्या हातात ठेवलं. आणि हात जोडून म्हटलं, "धन्यवाद भाऊ, पुन्हा या."

वरून हसले, बाबा! दात दाखवून हसले!

तो दोन पावलं गेला आणि वळला. म्हणाला, "पुन्हा कायले येऊ, बाई? पोरगी सासरी गेली. घरी मीच उरलो. माह्या सामानाले मीच येऊ काय?"

रागावला असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारून राहिला होता. ऑटो निघून गेला तरी माझे हात जोडलेलेच होते.

थू माझ्या जिभेवर! अकरा वर्षं त्या साड्यांच्या शोरूमच्या दारात उभी होते ना मी. शेठ मागून म्हणायचा, "मुस्कुराके बोलो, फिर पधारिए!" कोणी साडी घेवो की पन्नास साड्या उलगडायला लावून तशीच उठो, आम्ही आपलं फिर पधारिए. एकदा तुम्ही आईसाठी साडी घ्यायला आलात, तर तुम्हालाही म्हटलं मी. तुम्ही घरी येऊन किती हसलात! "आपल्याच बापाले पधारिए म्हणते हे पोट्टी!" तेव्हा मीही हसले होते. पण तो मुर्रीचा माणूस समोर उभा होता आणि मी त्याच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही, गिऱ्हाईक पाहिलं. याची मला जास्त घाण वाटते.

एक सांगू? लहानपणी मला तुमची लाज वाटायची. आपल्या ओळीतले सगळे दुकानदार किती गोड! बांगड्यावाली म्हणायची, "येजो बरं माय." मिठाईवाला म्हणायचा, "फिर आना, भैया." आणि तुम्ही? तुम्ही मुकाट्यानं गादीवरून खाली उतरायचे, चप्पल घालायचे, सामान न्यायला आलेल्या माणसासोबत रस्त्यापर्यंत जायचे. तिथं गेल्यावर बोललात तर एवढंच, "हळू जा जी." आई चिडवायची, "याहिच्यापेक्षा ते मडकं बरं, वाजवलं तर बोलते तरी!"

मी एकदा विचारलं होतं, "बाबा, तुम्ही काऊन या म्हणत नाही? गिऱ्हाईक तुटते ना." तुम्ही म्हणालात, "तुटू दे, शारदे. माह्या दुकानात मानूस पुन्हा आला नाही पाहिजे."

मग मला गादीवर बसवलंत तेव्हा बांबू कसा पारखायचा ते शिकवलंत, कापड कसं फाडायचं ते शिकवलंत, हे पुन्हा एकदा बजावून का नाही सांगितलं? तुमची पोरगी म्हणजे तिला आठवणारच, असं वाटलं तुम्हाला?

आता राजूचं ऐका. त्या दुपारी तो तिरोड्याहून आला. जेवताना मी त्याला सारं सांगितलं. तर तुमचा लाडका लेक म्हणतो, "ताई, खोटं काय बोललीस? आज ना उद्या येनारच हायेत सारे!" आणि बाबा, मी हसले. तोंडात भात होता आणि मी खदाखदा हसले. मग एकदम ताट तसंच उचलून मोरीत नेलं. राजू विचारत राहिला, "काय झालं? काय झालं?" काय सांगू त्याला? त्याच्यापेक्षा मीच ओंगळ निघाले.

तिसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून मुर्रीला गेले. तो ओसरीत बसला होता. सासरहून आलेल्या पोरीनं मला पाणी दिलं. मी म्हटलं, "भाऊ, माझं चुकलं." तो ‘असू दे’ म्हणाला नाही. म्हणाला, "चुकलंच, बाई." मला ते बरं वाटलं. माफी मिळाली असती तर ती घेऊन मी आरामात घरी आले असते.

उठायची वेळ आली आणि मी अडकले. मयतीच्या घरून ‘येते’ म्हणत नाहीत, आणि ‘जाते’ तर आपण कुठूनच म्हणत नाही. तशीच पदर धरून उभी राहिले. तर तो उठला. चप्पल घातली. माझ्यासोबत रस्त्यापर्यंत आला आणि म्हणाला, "हळू जा जी."

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "माही माय गेली, तवा तुह्या बापानं असंच म्हटलं होतं. त्या दिवशी कोन काय बोललं, मले काही याद नाही. एवढंच याद आहे."

बाबा, ज्याला मी ‘पुन्हा या’ म्हटलं, त्यानंच तुमचा शब्द सांभाळून ठेवला होता!

आता शब्द देते. आपल्या दुकानात पुन्हा कोणाला ‘या’ म्हणणार नाही. खाली उतरेन, चप्पल घालेन, रस्त्यापर्यंत जाईन. जिभेवर पुन्हा तेच आलं तर दातांनी चावेन. राजू हसला तर जेवता जेवता उठवेन त्याला.

आणि एक राहून गेलं आहे. तुम्हाला घरून नेलं त्या दिवशी मी रस्त्यापर्यंत आले होते. सगळे रडत होते, मीही रडत होते. पण तुम्ही जे हजारो लोकांना म्हटलं, ते तुम्हाला कोणीच म्हटलं नाही.

हळू जा जी, बाबा.

तुमची,
शारदा