युमीच्या गावाआधीचे अकरा किलोमीटर

२८ जून, शनिवार
तळपायाची आग मस्तकात गेलीय. मि. आज ऑटो क्लबमध्ये जाऊन जपानमध्ये गाडी चालवायचं परमिट काढून आला. फक्त स्वतःचं! "तुझे फोटो नव्हते ना माझ्याकडे." अरे, फोन केला असतास तर दहा मिनिटांत आले असते! वर म्हणे, "तिकडे लेफ्टनं चालवतात, तुला टेन्शन येईल." मला? नागपुरात बाबांची मारुती सहा वर्षं लेफ्टनंच चालवली मी. हा पुण्यात स्कूटरवर फिरायचा. स्टिअरिंग पहिल्यांदा धरलं ते इथे ओहायोत, एकोणतिसाव्या वर्षी. नवरा आहे म्हणून गप्प बसले, दुसरा कोणी असता तर...
सोमवारी लंचमध्ये जाऊन माझं काढायचं.

२ जुलै, बुधवार
ऑफिसात सोमवारी सॉफ्टवेअरचं रिलीज, काल पण रिलीज. आज बॅगा. परमिट राहिलंच. ईरा म्हणते, "आई, इट्स वन डे. लेट बाबा ड्राइव्ह."
वन डे! ट्रिप तिघांची असेल, तो एक दिवस माझा आहे. युमी इथे ओहायोतल्या डब्लिनला आमच्या समोरच्या घरात सहा वर्षं होती. माझ्या ऑपरेशननंतर महिनाभर रोज डबा आणून द्यायची, आणि डबा रिकामा झाल्याशिवाय हलायची नाही. नवऱ्याचं पोस्टिंग संपलं, जपानला परत गेली. आता डोंगरातल्या गावी आईला सांभाळते. आईला तासभर एकटं सोडता येत नाही, म्हणजे ती शहरात येणं शक्यच नाही. गावाला बस दिवसातून एक. मग गाडीच.

११ जुलै, शुक्रवार. हॉटेल
गेलोच नाही आम्ही. म्हणजे निघालो, पोचलो नाही.
सकाळ काय सुंदर होती! दोन्हीकडे गुडघाभर हिरवागार भात, ऊन मी म्हणतंय, झाडांतून किड्यांची किरकिर. भंडाऱ्याला मावशीकडे जाताना असंच दिसायचं. हायवे सुटला आणि रस्ता एका गाडीपुरता उरला. मि. प्रत्येक वळणावर इंडिकेटरऐवजी वायपर चालू करत होता, कोरड्या काचेवर. मी म्हटलं, "लेफ्टला राहा, लेफ्टला." तर म्हणे, "मला शिकवू नकोस."
समोरून छोटा पांढरा ट्रक आला. यानं सवयीनं गाडी घेतली उजवीकडे. ट्रक जागीच थांबला, आमचं पुढचं चाक शेताकडेच्या सिमेंटच्या नालीत. म्हातारे शेतकरी काका उतरले, दोर बांधला, ओढून काढलं. आणि वर चार वेळा वाकून त्यांनीच माफी मागितली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
मि.ची बोबडी वळली होती. "बस झालं. परत जाऊ."
फोनवर अकरा किलोमीटर दिसत होते. अकरा!
"मला दे चालवायला."
"तुझं परमिट नाहीये. काही झालं तर इन्शुरन्स पण नाही."
बरोबर होतं त्याचं. त्याचाच तर जास्त संताप. परत येताना ऐंशी किलोमीटर चालवली त्यानं, पुढचे अकरा नाही झेपले!
"गाडी बिघडली म्हणून कळव," म्हणाला. मी कळवलं. युमीनं पहाटेपासून माझ्यासाठी मासे न घालता स्वयंपाक करून ठेवला होता.

१९ जुलै, शनिवार. डब्लिन
आज इथल्या मराठी लोकांचं पॉटलक, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा. मि. रंगात आलेला: "काय रोड्स आहेत यार! लेफ्टनं ड्राइव्ह करणं एकदम इझी." सगळे माना डोलावतायत. मी भरीत वाढत होते. म्हटलं, "नालीतून कोणी काढलं ते पण सांग ना."
एक काकू फिस्सकन हसल्या. घरी येताना यानं गाडीत रेडिओ मोठ्यानं लावला. लाव.

२१ जुलै, सोमवार
लंचमध्ये परमिट काढलं. दोन फोटो, वीस मिनिटं. एवढंच होतं ते.

२२ जुलै, मंगळवार
संध्याकाळी युमीचा मेसेज आला. लांबलचक. गावापासून खाली पुलाजवळ फोन लागत नाही, त्या दिवशी माझ्या मेसेजनंतर पुढे काहीच कळेना, म्हणून तिला वाटलं आम्ही तिथेच अडकलो असू. शेजारणीला आईजवळ बसवून ही सायकलवर गेली. पाणी आणि भाताचे मुटके घेऊन. दोन तास पुलावर उभी, त्या उन्हात. आणि विचारतेय काय, तर गाडी कुठे दुरुस्त झाली? तुम्हाला फार त्रास नाही ना झाला?
मी मि.समोर मोठ्यानं वाचलं. मुद्दाम. ऐकून त्यानं हातातल्या टॉवेलची घडी केली.
"लिही, मी घाबरलो म्हणून," म्हणाला. "माझं नाव घालून लिही."
तीन आठवडे याच्यावर चिडून आहे मी. अजूनही आहे. पण गाडी बिघडल्याचा तो मेसेज टाइप केला होता माझ्या बोटांनी.
लिहिलं: युमी, गाडीला काहीही झालं नव्हतं.
पाठवलं. तिकडे सकाळचे आठ वाजलेत. वाचलंय तिनं. अजून उत्तर नाही.