इन्क्युबेटरमधला घरभेदी

३ फेब्रुवारी, सकाळी ८.१०
नवी डायरी. संकल्प: रोज लिहिणे. विनाकारण कोणावरही संशय न घेणे. मार्चअखेर पेपर पूर्ण, आणि त्यावर पहिलं नाव माझं. एकोणीस वर्षं या लॅबमध्ये घासली, नाव कायम ‘आणि इतर’मध्ये. आता पुरे. विषय हुकमी आहे: रोगाचे जंतू माणसाच्या नाकात ठाण कसं मांडतात.

४ फेब्रुवारी
जंतू वाढवायच्या बारापैकी नऊ प्लेटा बिघडल्या. माझ्या रोगजंतूंच्या पिवळ्या थरात मध्येच एक परका पांढरा ठिपका, आणि भोवती माझे जंतू साफ मेलेले. जंतू आपण होऊन चालत येत नाहीत. कोणीतरी आणतं. (दुसरा संकल्प इथे लागू नाही. कारण आहे.)

७ फेब्रुवारी
पुन्हा तेच. सगळ्या प्लेटा फेकायला काढल्या, तर हसरीने विचारलं, मी ठेवू का? हसरी म्हणजे सहा महिन्यांपूर्वी आलेली ज्युनियर. सकाळी साडेआठलाही हसते. मन साफ असलेला माणूस इतक्या लवकर हसत नाही. म्हटलं, खुशाल न्या. माझ्या कचऱ्यात एवढा रस?

१० फेब्रुवारी
पाळत सुरू. प्लेटा उबेत ठेवतो त्या इन्क्युबेटरच्या दारावर एक केस चिकटवला. संध्याकाळी तुटलेला! चौकशीअंती दार मीच चार वेळा उघडल्याचं निष्पन्न झालं, केस शाबूत आहे का बघायला. पण पाचव्यांदा कोणी उघडलं नसेलच असं नाही.

११ फेब्रुवारी
काचसामान धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, साहेब, मास्क नाकावर घ्या. म्हटलं, चष्म्यावर वाफ धरते, आणि झाकण काढून अगदी जवळून बघितल्याशिवाय जंतू ओळख देत नाहीत. मावशींनी हसरीकडे पाहिलं. दोघी सामील.
घरी सौ. म्हणाली, विचार करताना ती मिशी कुरवाळणं सोडा. इथे मिशीचा काय संबंध? हिला कोणी पढवलं?

१४ फेब्रुवारी
रामबाण उपाय सुचला. लॅबमधल्या प्रत्येकाच्या नाकातला नमुना घ्यायचा आणि ठिपक्याच्या डीएनएशी ताडून बघायचा. संमतीपत्राचा मसुदा स्वतः केला. कलम चार: ‘नमुना देणाऱ्याचे नाव कोणत्याही परिस्थितीत, त्याने मागाहून स्वतः मागणी केली तरीही, प्रसिद्ध केले जाणार नाही.’ हे वाचून हसरी बेसावध राहील. कोणता क्रमांक कोणाचा, ती यादी अर्थात माझ्याच खणात.

१५ फेब्रुवारी
सहा जणांनी मुकाट सह्या केल्या. सातवा नमुना माझा. तुलनेसाठी एक निर्दोष नमुना लागतोच, आणि माझ्याहून निर्दोष कोण? कर नाही त्याला डर कशाला.

२१ फेब्रुवारी
रिपोर्ट सोमवारी. लॅबप्रमुख सरांना गळ घातली, सर्वांसमोर उघडायचा. भाषण तयार. ‘अत्यंत दुःखाने सांगावं लागतं.’ आरशासमोर म्हणून पाहिलं. ‘दुःखाने’ फार छान जमतं.

२४ फेब्रुवारी
हसरी: नाही. मावशी: नाही. सर: नाही (त्यांच्यावरही थोडा संशय होता). नमुना क्रमांक सात: तंतोतंत.
यादीत फेरफार झालाय. यादी माझ्या खणात, खणाची किल्ली माझ्या खिशात. म्हणजे हात फार लांबपर्यंत पोचलेत.

२५ फेब्रुवारी
पुन्हा नमुना दिला. पुन्हा मीच. नाकात आणि मिशीत बिऱ्हाड, तिथून थेट प्लेटवर. मावशींनी न मागता चहा आणून ठेवला. त्याचं जास्त वाईट वाटलं. घरी येऊन मिशी उतरवली.

२ मार्च
सर खुशीत. हसरीने माझ्या फेकलेल्या प्लेटा घेऊन महिनाभर काम केलंय. माझ्या नाकातला हा भाडेकरू आपली जागा राखायला एक रसायन सोडतो, त्यामुळे रोगजंतू आसपास फिरकत नाहीत. यातून औषध निघू शकेल, म्हणाले. बावन्न वर्षं कोणीतरी माझ्या बाजूने लढत होतं आणि मी त्यालाच कचऱ्यात टाकत होतो. गहिवरून आलं.
पण जंतू माझा, नाक माझं, म्हणजे पहिलं नावही माझंच. सरांना तसं स्पष्ट सांगितलं. सर म्हणाले, संस्थेच्या समितीला विचारतो.

१२ मार्च
समितीचं उत्तर: प्लेटा फेकणे हे संशोधन नव्हे, तेव्हा लेखक म्हणून नाव घालता येत नाही. नमुना दिल्याबद्दल आभार मानता आले असते, पण कलम चार आड येतं. म्हटलं, मी स्वतः मागणी करतोय. म्हणाले, तेही कलमात आहे. मसुदा इतका पक्का आहे की आता सगळ्या विभागांना हाच लावणार आहेत. त्यावरही माझं नाव नाही.

३० मार्च, सकाळी ८.४५
पेपर पूर्ण. पहिलं नाव हसरीचं. शेवटी मावशींचे आभार. मी दुसऱ्या पानावर: ‘पुरुष, वय ५२, मिशी असलेला.’ मिशीसुद्धा आता नाही.
हल्ली मास्क न चुकता नाकावर घेतो. दर सोमवारी साडेआठला हसरी कापसाची काडी घेऊन हसत येते आणि म्हणते, मास्क जरा खाली घ्या.